कृषी सेवा केंद्राचा स्टॉक आणि उधारी जुळत नाही: दर मार्चला येणारा घोळ नेमका कुठे शोधायचा

युरिया टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, उणे ३८ बॅगा. अनुदानाचं खत ज्यावर अंगठा घेऊन विकायचं त्या पॉस मशीनवर शिल्लक ६२. गोदामातली थप्पी मोजली तर १५. शेतकऱ्यांकडची येणी टॅलीत चार लाख, गल्ल्याखालच्या वहीत अकरा लाख. पुस्तकात हाती रोकड सहा लाख ऐंशी हजार, गल्ल्यात तीस हजार.

आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण खतं, बियाणं, औषधं विकणाऱ्या तालुक्याच्या दुकानाची पुस्तकं मार्चअखेर उघडली की चित्र साधारण असंच दिसतं. मग ठरलेला कार्यक्रम होतो. मालक म्हणतो, ‘तेवढं जुळवून द्या.’ हिशेबनीस ३१ मार्चची एक स्टॉक जर्नल, म्हणजे शिल्लक हाताने बदलायची नोंद, टाकून उणे ३८ चे १५ करतो, फुगलेली रोकड मालकाच्या उचलीत ढकलतो, आणि वहीतल्या उधारीला कोणी हात लावत नाही, कारण ती ‘आपली आपल्याला माहीत आहे’. पुढच्या मार्चला पुन्हा तेच, आकडा थोडा मोठा.

स्टॉक, उधारी आणि रोकड हे तीन वेगळे फरक समजून तीन ठिकाणी दुरुस्त करायला गेलात तर एकही दुरुस्त होणार नाही. वरचंच उदाहरण बघा. उधारी पुस्तकात सात लाखांनी कमी आहे, रोकड साडेसहा लाखांनी जास्त. म्हणजे पैसा कुठे गेलेला नाही, उधारीची बिलं रोखीची म्हणून फाडली गेलीत. उरलेले पन्नास हजार बहुतेक अशा मालाचे, ज्याचं बिलच झालं नाही. ते शोधायला स्टॉककडे जावं लागतं, उधारीच्या वहीत कितीही पानं उलटली तरी सापडत नाहीत.

सुरुवातीला हात आवरा

बॅकअप घ्या आणि जुळवणीची एकही नोंद टाकू नका. ३१ मार्चची स्टॉक जर्नल फरक मिटवत नाही, फरकाचा माग मिटवते. मागच्या वर्षी अशी नोंद टाकली असेल तर ती शोधून काढा आणि कोणत्या मालाला किती कमी-जास्त केलं होतं ते कागदावर उतरवून ठेवा. तोच माल यंदाही चुकलेला असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे शोधाची अर्धी यादी तिथेच तयार मिळते.

फरक कोणत्या दिशेला आहे?

टॅलीत कमी आणि गोदामात जास्त असेल, तर आवक पुस्तकात आलेली नाही. टॅलीत जास्त आणि गोदामात कमी असेल, तर माल बिलाविना गेला आहे. पॉस मशीनवर जास्त आणि गोदामात कमी असेल, तर अंगठा न घेता खत विकलं आहे. वरच्या युरियात पहिली आणि तिसरी अशा दोन्ही गोष्टी झाल्यात: ५३ बॅगांची आवक पुस्तकात नाही आणि ४७ बॅगांचा अंगठा झालेला नाही. एकाच मालात दोन उलट चुका असतात, म्हणूनच एका जर्नलने त्या दुरुस्त होत नाहीत.

आता त्या मालाचा वर्षभराचा उतारा उघडा आणि शिल्लक पहिल्यांदा उणे कोणत्या तारखेला झाली ते बघा. टॅलीत ‘एक्सेप्शन रिपोर्ट्स’खाली ‘निगेटिव्ह स्टॉक’ मिळतो, पण तो ज्या तारखेला उघडाल त्या तारखेचंच चित्र दाखवतो. तारखा उताऱ्यातच दिसतात. चार-आठ दिवस उणे जाऊन शिल्लक पुन्हा सरळ झाली असेल तर खरेदीचं बिल उशिरा चढलंय, फार चिंता नको. एका तारखेला उणे जाऊन तशीच राहिली असेल तर त्या तारखेच्या आगेमागे एखादी ठोस चूक आहे. आणि फरक जून-जुलैपासून थोडाथोडा वाढत गेला असेल, तर ती दुकानाची सवय आहे. सवय पकडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

माल आधी, बिल नंतर

खताची मालगाडी (रेक) लागली की होलसेलरकडून ट्रक येतो, चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पोच-कागदावर, माल उतरतो, बिल आठ दिवसांनी मिळतं. तोवर शंभर बॅगा विकून झालेल्या असतात. उपाय सोपा आहे: चलन आलं त्याच दिवशी टॅलीत ‘रिसीट नोट’ टाका, बिल आलं की ते त्या नोटेला जोडा. संख्या लगेच चढते, रक्कम बिलावर चढते, आणि कोणत्या चलनाचं बिल अजून आलेलं नाही याची यादीही आपोआप तयार राहते. ही यादी महिन्यातून एकदा जीएसटीच्या २बी शी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या उताऱ्याशी, ताडून बघा. ज्याचं बिल तुमच्याकडेही नाही आणि २बी मध्येही नाही असं चलन दिसलं तर होलसेलरला फोन करायचा.

युनिटचा घोळ

हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात लवकर सापडणारा. २०१८ मध्ये युरियाची बॅग ५० किलोवरून ४५ किलोची झाली. कित्येक दुकानांच्या टॅलीत मात्र मास्टर, म्हणजे मालाची मूळ नोंद, जुनाच आहे: १ टन म्हणजे २० बॅगा. डीएपीला हे चालतं, कारण त्याची बॅग ५० किलोचीच आहे. युरियाचं ९ टनांचं बिल आलं की गोदामात २०० बॅगा उतरतात आणि टॅली १८० चढवते. दर ट्रकमागे २० बॅगा उणे. दोन-तीन ट्रक झाले की वरच्या उदाहरणातल्या ५३ मधल्या बहुतेक बॅगांचा पत्ता लागतो. विशेष म्हणजे रक्कम बरोबर असते, त्यामुळे होलसेलरचं खातं जुळतं आणि कोणाला शंका येत नाही.

औषधांत हाच प्रकार लिटर आणि बाटली यांच्यात होतो. कंपनीच्या बिलावर संख्या लिटरमध्ये असते. २५० मिलीच्या ४० बाटल्यांचा बॉक्स म्हणजे बिलावर १० लिटर. घाईत नोंद करणारा मुलगा १० हा आकडा बघतो आणि १० बाटल्या चढवतो. असा माल ओळखायची खूण म्हणजे सरासरी खरेदी दर. एका बाटलीचा खरेदी दर विक्री दराच्या तिप्पट-चौपट दिसला की युनिट चुकलंय, दुसरं काही नाही. मालाची यादी सरासरी दरासकट काढून एका बैठकीत वरून खाली नजर फिरवा.

युरियाचा मास्टर दुरुस्त करताना जुना आयटम बदलू नका, मागच्या वर्षांचे आकडे हलतील. ४५ किलोचा नवा आयटम उघडा आणि १ एप्रिलपासून तोच वापरा.

हातउसना माल

जूनच्या पहिल्या पावसानंतर शेजारचा दुकानदार पोरगं पाठवतो: ‘दहा बॅगा द्या, गाडी आली की परत.’ तुम्ही देता, तुम्हीही कधी आणता. कागद काही नाही, दोन्हीकडे लक्षात असतं असा समज. गाडी येते तेव्हा परत येतात त्या कधी आठ बॅगा, कधी दुसऱ्याच कंपनीच्या.

हा प्रकार व्यापारातल्या माणुसकीचा आहे हे मला मान्य आहे, पण हिशेबात तो विषासारखा पसरतो. जीएसटीत वस्तूंची अदलाबदलही पुरवठा धरली जाते, म्हणजे खरं तर दोन्ही बाजूंनी बिल हवं. आणि खताच्या बाबतीत आणखी एक पेच आहे: ज्याचा ‘ओ’ फॉर्म (माल कोणाकडून घेता त्याचं प्रमाणपत्र) तुमच्या परवान्याला जोडलेला नाही त्याचा माल तुमच्या गोदामात सापडला तर तपासणीला आलेला निरीक्षक तो कुठून आला हे विचारणारच. म्हणून खतात हे बंद करा. बियाणं-औषधांत अगदीच टळत नसेल, तर त्याच दिवशी बिल करा. माल बाहेर पडून बिल व्हायला संध्याकाळ उजाडणार असेल, तर टॅलीत शेजारच्या दुकानाच्या नावाने एक वेगळं गोदाम उघडून संख्या तिथे सरकवा. एकूण शिल्लक तीच राहते, पण किती माल कोणाकडे अडकलाय ते दिसतं.

लिंकिंग, फ्री आणि परतावा

युरिया हवा तर सोबत झिंक घ्या, विद्राव्य खत घ्या, हे कोणालाही नवीन नाही. गळ्यात पडलेला माल खपत नाही, मग तो ‘घेऊन जा भाऊ’ म्हणत ओळखीच्या शेतकऱ्याला बिलाविना दिला जातो. टॅलीत तो वर्षानुवर्षं शिल्लक दिसतो. टॅलीत जास्त आणि गोदामात कमी असणाऱ्या मालाची यादी काढली की तिच्यात हाच माल वरच्या ओळींत असतो. फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं, मुदत संपल्यामुळे किंवा खराब झाल्यामुळे काढून टाकलेल्या मालाचंही तेच. कीटकनाशकांवर १८ टक्के कर आहे, त्यामुळे ही रक्कम किरकोळ नसते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट घेतलेलंच नसतं, हा भाग सोडून द्या.

‘दहावर एक फ्री’चा माल उलट्या बाजूने त्रास देतो. बिलावर त्याची किंमत शून्य असते म्हणून तो चढवलाच जात नाही, पण विकला मात्र जातो. टॅलीत प्रत्यक्ष संख्या आणि बिलातली संख्या असे दोन वेगळे रकाने चालू करता येतात. ते करा: प्रत्यक्ष ११, बिलात १०.

हंगामाअखेर शेतकरी न फोडलेली बियाण्याची पिशवी परत आणतो, मालक वहीतल्या बाकीतून ती वजा करतो आणि पिशवी कपाटात ठेवतो. टॅलीत उधारी जास्त, स्टॉक कमी. क्रेडिट नोट, म्हणजे माल परत आल्याची आणि बाकी कमी केल्याची नोंद, टाका, एवढंच. करपात्र मालाच्या क्रेडिट नोटेचा कर कमी करून घ्यायची मुदत पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं असेल तर तोवरच असते. त्यामुळे खरिपातल्या परताव्याचा निकाल मार्चमध्येच लावलेला बरा.

आता उधारी

सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, कापूस त्यानंतर वेचणीनुसार, तूर जानेवारीत. जूनला दिलेल्या मालाचे पैसे पाच-सहा महिन्यांनी येणार हे या धंद्यात गृहीतच आहे. अडचण उधारीत नाही, अडचण तिच्या बिलात आहे. दुकानात गर्दी असते, बिल करणारा पोरगा शेतकऱ्याचं खातं शोधत बसत नाही, ‘कॅश’ दाबतो आणि मालक वहीत नाव लिहितो. सगळा माल उधार जातो आणि पुस्तकात रोकड साठत जाते. म्हणून गल्ल्याचा आकडा आणि टॅलीची रोकड दर शनिवारी शेजारी शेजारी लिहा. फरक वाढत असेल तर तीच तुमची न नोंदलेली उधारी आहे. मार्चमध्ये ही रोकड उचल दाखवली, की नंतर शेतकऱ्याने खरोखर पैसे दिल्यावर ते कुठे जमा करायचे हा प्रश्न उरतोच, आणि बँकेत भरले तर ते कुठून आले हे सांगता येत नाही. शिवाय एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. मोठ्या बागायतदाराची वर्षाची बाकी एकरकमी रोखीत घेताना हे लक्षात ठेवा. एकाच बिलाचे पैसे दोन दिवसांत तोडून घेतले तरी सुटका नाही.

नावांचा गोंधळ वेगळा. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघे असतात, आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. खात्याचं नाव असं ठेवा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि मोबाईलचे शेवटचे चार अंक. यूपीआयने पैसे पुण्यातल्या मुलाच्या खात्यातून येतात, बँकेच्या उताऱ्यात शेतकऱ्याचं नावच नसतं. असे पैसे एका ‘ओळख पटवायची आहे’ खात्यात जमा करा आणि ते खातं दर आठवड्याला शून्यावर आणा. महिनाभर राहिलं तर मग ते कोणाचे हे कोणालाच आठवत नाही.

पावती करताना टॅली विचारते की हे पैसे कोणत्या बिलापोटी. तिथे ‘ऑन अकाउंट’ दाबत गेलात तर एकूण बाकी बरोबर येते पण कोणतं बिल किती जुनं हे कळत नाही, आणि पुढे तगादा लावायला तेच लागतं. ‘अगेन्स्ट रेफ’ निवडून सगळ्यात जुन्या बिलापासून पैसे जिरवा.

हिशेब मिटवताना ४१,३५० ची बाकी ‘चाळीस द्या’ म्हणून मिटते. ते १,३५० टॅलीत तसेच उभे राहतात. पाचशे शेतकरी असले की अशा शेपटांचीच मोठी रक्कम होते. त्याच पावतीत सूट म्हणून खर्ची टाका. आधी ठरलेली नसलेली ही सूट विक्रीच्या किमतीतून वजा करून जीएसटी कमी करता येत नाही, म्हणून कराला हात लावू नका. उलट उशिरा दिल्याबद्दल घेतलेलं व्याज मालाच्या किमतीत धरलं जातं, म्हणजे औषधाच्या बाकीवरच्या व्याजावर औषधाच्याच दराने कर लागतो. बहुतेक दुकानं व्याज वहीत लावतात आणि टॅलीत दाखवत नाहीत, त्यामुळे वही आणि टॅली कधीच जुळणार नाहीत. आधी ठरवा: घ्यायचं तर दाखवायचं.

मोजणी आणि पुस्तक

मोजणी जूनमध्ये करू नका. एप्रिलचा पहिला आठवडा बरा, माल कमी असतो. एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं, आणि लिहिणाऱ्याच्या हातात टॅलीची यादी नसावी. यादी हातात असली की आकडे यादीसारखेच येतात. मुदत संपलेला माल वेगळा मोजा. फाटक्या बॅगा वेगळ्या.

वर सांगितलेल्या चुका मूळ तारखांना दुरुस्त केल्यावर जो फरक उरेल तेवढाच ‘फिजिकल स्टॉक’ व्हाउचरने घ्या. एक सावधगिरी: या व्हाउचरनंतर त्याच्या आधीच्या तारखेची खरेदी-विक्री टाकली तर त्या तारखेपुढची शिल्लक हलत नाही, मोजलेला आकडाच कायम राहतो. म्हणून आधी सगळ्या राहिलेल्या नोंदी, मग हे व्हाउचर. उलट क्रमाने केलंत तर राहिलेलं बिल चढवूनही स्टॉक का वाढत नाही या प्रश्नात दिवस जातो.

किंमत लावताना खरेदीची किंमत आणि प्रत्यक्ष विकून येईल ती किंमत यांपैकी जी कमी ती. मुदत संपत आलेल्या औषधाला पूर्ण खरेदी किंमत लावून नफा फुगवण्यात काही अर्थ नाही, त्यावर आयकर तुम्हीच भरणार.

पॉस मशीनवरचा फरक टॅलीतून सुटत नाही. खताचं अनुदान कंपनीला मशीनवरच्या विक्रीनुसार मिळतं, त्यामुळे मशीन आणि गोदाम यांतली तफावत कृषी विभाग गांभीर्याने घेतो आणि त्यात परवान्यापर्यंत बात जाते. नेटवर्क गेलं म्हणून अंगठे नंतर घेऊ, ही जूनमधली सवय इथे नडते. मिळेल त्याचा अंगठा लावून शिल्लक उतरवणं हा उपाय नव्हे, ते दुसरं प्रकरण ओढवून घेणं आहे. ज्यांना खत दिलं त्यांची बिलं टॅलीत असतील तर त्याच शेतकऱ्यांना बोलावता येतं. बिलं ‘कॅश’च्या नावाने असतील तर बोलावणार कोणाला?

कॅश क्रेडिट, म्हणजे स्टॉक आणि येण्यांवर बँकेने दिलेली उचल-मर्यादा, असेल तर बँकेला दर महिन्याला स्टॉक आणि येण्यांचं विवरण जातं. बऱ्याच बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी उचल-मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरमध्ये जूनची उधारी बाद होते आणि मर्यादा नेमकी पैशांची गरज असताना आक्रसते. त्यावर तोडगा म्हणून स्टॉक अंदाजाने वाढवून लिहिण्याची पद्धत आहे. मार्चचं विवरण आणि ताळेबंद बँकेत एकाच टेबलावर येतात, तेव्हा ती उघडी पडते. पिकाच्या चक्राप्रमाणे येण्यांची मुदत वाढवून मागणं कटकटीचं आहे, तरी मर्यादेच्या नूतनीकरणाच्या वेळी ते लेखी मागा.

जुनी बाकी

विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत तीन वर्षं आहे. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून, ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून. ही तीन वर्षं संपायच्या आत शेतकऱ्याने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, किंवा काही रक्कम देऊन तशी सही केली, तर मुदत तिथून पुन्हा सुरू होते. म्हणून दिवाळीच्या सुमारास, पैसे हातात असतात आणि लोक हिशेब मिटवायला येतात तेव्हा, खातेउताऱ्याची प्रत काढून तारखेसह सही घ्या. पैसे कमी आले तरी सही घ्या. वहीतल्या मालकाच्या अक्षरातल्या नोंदीला शेतकऱ्याची सही नसेल तर ती मुदत वाढवत नाही.

खरोखर बुडालेली बाकी बुडीत म्हणून पुस्तकातून काढा; आयकरात वजावट मिळायला ती त्या वर्षी पुस्तकात प्रत्यक्ष काढलेली असावी लागते आणि विक्री आधी उत्पन्नात आलेली असावी लागते. वहीतच राहिलेली, कधी बिलच न झालेली उधारी बुडीत दाखवता येत नाही. त्या मालावर भरलेला जीएसटी बाकी बुडाली म्हणून परत मिळत नाही. पुढे कधी तो शेतकरी पैसे घेऊन आलाच, तर ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून वेगळ्या खात्यात जमा करा, जुनं बंद खातं उघडून त्यात नाही.